डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी माझं वजन विचारलं

"वजन किती?"

डोळे तपासायला गेलेल्या बाईला हा प्रश्न. मी म्हटलं, साठ. "कधीचं?" याला उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवलं. चपला काढून उभी राहिले तर काटा बावन्नवर थांबला. त्यांनी माझ्या फाइलच्याच पाठीवर पेनने गुणाकार केला, बावन्न गुणिले पाच, दोनशे साठ. मग विचारलं, "आणि तुम्ही रोज किती मिलिग्रॅम घेता?"

त्या गुणाकाराकडे येतेच, पण थोडं मागून सांगायला हवं.

मला संधिवात आहे, रुमेटॉइड. 2018 च्या पावसाळ्यात सुरू झाला. सकाळी उठल्यावर बोटं तासभर वळायची नाहीत. अबोलीचे वळेसर करायला बसायचे आणि दोरा बोटांतून निसटायचा. आधी वाटलं, वय झालं. पणजीच्या संधिवाततज्ज्ञांनी रक्त तपासून नाव सांगितलं आणि गोळ्या लिहिल्या. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. सुरुवातीचे काही महिने थोडं स्टेरॉइडही होतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मूळची मलेरियाच्या गोळ्यांच्या घराण्यातली. 2020 च्या मार्चमध्ये ती कोरोनावर चालते अशी हूल उठली आणि दुकानांतून गायब झाली, तेव्हा सगळ्या देशाला तिचं नाव पाठ झालं. आम्हा संधिवातवाल्यांना मात्र दोन पाकिटांसाठी फोंडाभर हिंडावं लागलं. आमच्या शेजारच्या काकूंना हीच गोळी साखरेसाठी दिलीय. तर ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, पुष्कळ घरांत आहे.

पहिल्या चिठ्ठीवरच खाली लिहिलेलं होतं, 'डोळे तपासून घ्या'. मी तपासले. 2019 मध्ये फोंड्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात गेले, यंत्रात डोकावले, अक्षरं वाचली, जवळचा नंबर वाढला होता, नवा चष्मा घेतला. दुकानदार म्हणाला, डोळे एकदम ठीक. तेच वाक्य मी पाच वर्षं सांभाळून ठेवलं. संधिवाताच्या डॉक्टरांनी दर वेळी विचारलं, डोळे दाखवले? मी म्हणायचे, हो. खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. चष्म्याचा नंबर काढणं आणि या गोळीसाठी डोळ्याचा पडदा तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी फाइल उलटसुलट चाळली आणि डोळ्यांचा एकही कागद सापडला नाही म्हणून चक्क रागावले. पहिल्या वर्षाच्या आत एक पायाभूत तपासणी, म्हणजे पडद्याला आधीचाच काही आजार आहे का ते बघायला, आणि पाच वर्षं झाली की दर वर्षी एक, असा सर्वसाधारण नियम. किडनी कमजोर असेल, किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमोक्सिफेन चालू असेल, तर पाच वर्षं थांबायचंही नाही. माझी पहिलीच चुकली होती आणि सहावं वर्ष लागलं होतं. त्यांनी पडद्याच्या तज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी दिली.

म्हणून तो वजनकाटा. या गोळीचा रोजचा डोस वजनाच्या किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि वजन म्हणजे आज काट्यावर दिसतं ते. मी एक दिवस एक, एक दिवस दोन अशा दोनशेच्या गोळ्या घेत होते, म्हणजे सरासरी तीनशे. साठ किलोला बरोबर बसणारा हिशेब. पण मधल्या वर्षांत आजारपण, मग सकाळचं चालणं, आठ किलो उतरले. झंपर सैल झाले तेव्हा मी खूश होते. गोळी तेवढीच राहिली. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट मागितला, क्रिएटिनिन बघितलं, कारण ही गोळी बऱ्याच अंशी किडनीतून बाहेर पडते. मेथोट्रेक्सेटमुळे रक्त वरचेवर तपासलं जातं, त्यामुळे तो कागद तरी जवळ होता.

मी म्हटलं, मला तर शेवटची ओळ वाचता आली, मग घाबरायचं कशाला? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. ही गोळी बिघाड करते तो बहुधा नजरेच्या अगदी मध्यबिंदूला नाही, त्याच्या भोवतीच्या कड्यात. मेदूवडा डोळ्यासमोर आणा. मधलं भोक शाबूत, कडं खराब. वाचायला आपण वापरतो ते भोक. त्यामुळे तक्ता नीट वाचता येतो, सुईत दोरा जातो, आणि आपल्याला वाटतं सगळं बरं चाललंय. लक्षात येईपर्यंत पडद्याचं नुकसान झालेलं असतं आणि ते भरून येत नाही. गोळी थांबवली तरी कधीकधी काही काळ वाढत राहतं. डोस नीट असेल तर पहिल्या पाच वर्षांत धोका शंभरात एकाहूनही कमी, दहा वर्षांपर्यंत दोनाहून कमी, पण वीस वर्षांनंतर शंभरात जवळजवळ वीस. मी तेव्हा पन्नाशीची. वीस वर्षं गोळी चालू राहणं अशक्य नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. हा दिवस अर्धा जाईल असं धरूनच निघा.

आधी नेहमीचा तक्ता, मग डोळ्यातला दाब. डोळ्यावर हवेचा फुस्स झोत येतो, दचकायला होतं, दुखत नाही. माझा सोळा आला, दहा ते एकवीसच्या आतला, म्हणजे ठीक. स्टेरॉइड घेतलेल्यांचा दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, म्हणून तेही बघतात.

मग फिल्डची तपासणी, म्हणजे नजरेचं क्षेत्र. हिचं कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते.

एका अर्धगोल पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची. एक डोळा पट्टीने बंद. समोर मधोमध एक दिवा, त्याच्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक ठिपके लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. एवढंच. पण ते ठिपके मुद्दाम मंद मंद होत जातात, अगदी दिसेनासे होईपर्यंत. यंत्राला तुमच्या नजरेची हद्द शोधायची असते, त्यामुळे बरेचसे ठिपके कुणालाच दिसत नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं. कितीतरी वेळ काहीच दिसेना तेव्हा छातीत धडधडायला लागलं. वाटलं, गेले माझे डोळे. मग मी अंदाजाने बटण दाबायला लागले, आणि ठिपका शोधायला नजर इकडेतिकडे फिरवायला लागले. दोन्ही चुका. यंत्र दोन्ही पकडतं आणि कागदावर नोंदवतं.

त्यात चवथ आठवड्यावर आली होती. 7 सप्टेंबरला गणपती, घर धुणं, नेवऱ्या म्हणजे करंज्या, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीचं सामान, रात्री चार तास झोप. यंत्राच्या अंधाऱ्या खोलीत, एसीच्या गारव्यात, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी माझी पापणी मिटायला लागली होती. तपासणी करणारी मुलगी मधूनमधून म्हणत होती, "बाई, मदींच पळयात." मधेच बघा. आणि मी मधेच बघत होते, अर्ध्या झोपेत.

फिल्ड दोन प्रकारची केली. एक अगदी मधल्या भागाची आणि दुसरी जरा रुंद. आपल्यासारख्या आशियाई लोकांत बिघाड कधीकधी मध्यापासून जरा लांब सुरू होतो, नुसती मधली केली तर निसटू शकतो. म्हणून वेळ दुप्पट.

त्यानंतर बाहुल्या मोठ्या करायचे थेंब. चुरचुरतात. टाकण्याआधी रक्तदाबाचं विचारलं. वीस-पंचवीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, मग ओसीटी. हे यंत्र मला आवडलं. काही करायचं नाही, हिरव्या खुणेकडे बघत राहायचं, डोळ्याला काही लागत नाही, आणि समोरच्या स्क्रीनवर आपल्याच डोळ्याच्या पडद्याचा आडवा छेद, बेबिंक कापल्यावर दिसतात तसे थरांवर थर. त्यानंतर निळ्या उजेडात एक फोटो, त्यात पडद्याच्या आजारी पेशी वेगळ्या उजळतात. शेवटी डॉक्टर कपाळावरचा दिवा लावून भिंगातून बघतात, तो उजेड मात्र सहन होत नाही, पाणी येतं.

निकाल असा. ओसीटी स्वच्छ, निळा फोटो स्वच्छ, फिल्डमध्ये उजव्या डोळ्याच्या वरच्या बाजूला काळे डाग आणि मध्याजवळ दोन-तीन ठिपके गायब. डॉक्टर म्हणाले, "हे फिल्ड विश्वासार्ह नाही, तुम्ही पेंगत होता. दोन आठवड्यांनी परत करू." एका ओळीत त्यांनी आश्वासनही दिलं आणि धास्तीही. मी धास्ती घेऊन बाहेर पडले.

आणि एकटी गेले होते. ही माझी खास मूर्खपणाची गोष्ट. पाऊस थांबून श्रावणातलं ऊन पडलं होतं, ओला रस्ता आरशासारखा चमकत होता, आणि माझ्या बाहुल्या मोठ्या. गॉगल नाही. मोबाइलवर कुणाचं नाव वाचता येईना. पायलटला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, हात केला, त्याच्या मागे बसून डोळे घट्ट मिटून बसस्टँडवर आले. तिथे कदंबा बसच्या पाट्या सगळ्या पांढऱ्या धुक्यात. शेवटी कंडक्टरलाच विचारलं, फोंड्याची ना? तो माझ्याकडे आणि पाटीकडे आळीपाळीने बघत राहिला. बाणस्तारीचा पूल आला तो चाकांच्या आवाजावरून कळला. संध्याकाळी सहापर्यंत अक्षरं जुळली नाहीत. थेंबांचा असर चार-सहा तास तरी राहतो. स्कूटर घेऊन जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

त्या चवथीला मी माटोळीखाली उभी राहून एकेक डोळा झाकून बघत होते. सुपारीचा घोस दिसतो, तोरिंजन दिसतं, मधली नारळाची पेण दिसते. कडेचं काय? भाचीने विचारलं, मावशी, काय मोजतेस? सांगितलं नाही. चवथीच्या दुसऱ्या दिवशी मात्र ठरवलं की ही गोळीच बंद करावी. फोन केला तर संधिवाताचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "औषध शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं. दोन आठवडे बंद ठेवून डोळ्याला काही फायदा नाही. सांधे पुढे उसळले तर ते आवरायला मला स्टेरॉइड लागेल. आधी फिल्ड परत होऊ द्या." मी गोळी घेतली. आजही मला वाटतं, त्या दिवशी तो फोन केला नसता तर मी गोळ्या गुपचूप कचऱ्यात टाकल्या असत्या आणि कुणाला कळलंही नसतं.

दुसऱ्यांदा भाची बरोबर होती. सकाळची पहिली वेळ मागून घेतली. रात्री नीट झोपले. त्याच मुलीने या वेळी वरची पापणी कागदी चिकटपट्टीने हलकेच वर ओढून धरली, कारण वरच्या बाजूचे ते डाग खाली आलेल्या पापणीचे असू शकतात. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून आधी साधे थेंब टाकले. आणि तिने एक गोष्ट सांगितली, जी पहिल्यांदा सांगायला हवी होती. दमल्यासारखं वाटलं की बटण दाबून धरा, यंत्र थांबतं, सोडलं की पुढे चालू. पापण्याही मिटायला हरकत नाही, बटण दाबताना मिटा. मी तीनदा थांबले. दोन्ही डोळ्यांचं फिल्ड स्वच्छ आलं. वरचे डाग गेले, मध्याजवळचे ठिपकेही परत आले.

गोळी बंद झाली नाही, हिशेब बदलला. आठवड्यातले पाच दिवस एक, बुधवार आणि रविवार दोन. सात दिवसांच्या अठराशे मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या दोनशे सत्तावन्न. दोनशे साठच्या आत. सांध्यांनी या बदलाची दखल घेतली नाही.

भाच्याने इंटरनेटवरून चौकटींचा एक तक्ता छापून फ्रिजवर लावला होता, एका डोळ्याने बघायचा, रेषा वाकड्या दिसल्या तर समजायचं. तो डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, राहू दे, पण त्याच्या भरवशावर तपासणी चुकवू नका, याला लवकरचं काही कळत नाही. आता त्यावर दूधवाल्याचा हिशेब लिहिते.

दुसऱ्या कुठल्या औषधावर असाल तर तपासणी वेगळी असेल. क्षयरोगाच्या इथॅम्ब्यूटॉलला डोळ्याची नस आणि लाल-हिरवा रंग बघतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाणाऱ्या पुरुषांनी प्रोस्टेटची टॅमसुलोसिन घेत असाल, पूर्वी घेतली असेल, तरी सर्जनला आधी सांगायचं, ऑपरेशनमध्ये बाहुलीचा पडदा ढिला पडतो. माझ्या मोठ्या दिरांनी सांगितलं नव्हतं. ऐन वेळी नर्सने गोळ्यांची पिशवी उघडली म्हणून कळलं. तेव्हा पिशवीच घेऊन जा, सगळी.

2025 ची तपासणी झाली, तीही स्वच्छ. फाइलच्या आतल्या बाजूला मी तारीख, वजन, क्रिएटिनिन आणि डोस असे चार रकाने आखलेत. या वर्षीची वेळ चवथीनंतरची मागितली आहे. काट्यावर मी त्रेपन्न भरते आहे, नेवऱ्यांनंतर पुन्हा बघावं लागेल.