गोधडी काढल्यावर टाकलेला सांबार

आमच्या आर्वीकडे (जि. वर्धा) थंडीचा भाजीपाला करणाऱ्याची खरी परीक्षा थंडीच्या आधीच असते. दसऱ्याला हात शिवशिवतात, पाकिटं घरात येऊन पडलेली असतात आणि माती मात्र तापलेली.

22 सप्टेंबरला लेट्यूसचे 40 दाणे ट्रेमध्ये टाकले. उगवले फक्त 3. बी जुनं असणार असं धरून पाकीट फेकणारच होतो. पण लेट्यूसचं बी साधारण 30 अंशांच्या वर ओलं राहिलं की उगवायचंच थांबतं, आणि माझा ट्रे दुपारभर उन्हात होता. 12 ऑक्टोबरला त्याच पाकिटातले 40 दाणे ओल्या सुती फडक्यावर पसरून वाटीत ठेवले आणि वाटी माठाखालच्या ओल्या वाळूत रोवली. वर झाकण नाही, कारण या बियाला उजेड लागतो. चौथ्या दिवशी पांढरी टोकं दिसली. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एकेक दाणा मातीच्या वरच ठेवून नुसता दाबला. 31 रोपं लागली! त्या दिवशी मी ट्रे घेऊन घरभर फिरलो.

सांबाराचं (पुण्याकडच्या मित्रांसाठी: कोथिंबीर) मोठ्या मायनं आधीच सांगितलं होतं. "आता नको टाकू बापू, माती तपून हाय. रात्री गोधडी घ्या लागली का मंग टाक." ऐकलं नाही. सप्टेंबरअखेरचा सांबार चार-सहा पानांवरच फुलावर आला. दुसरा वाफा दिवाळीनंतर, खरोखरच गोधडी काढल्यावर टाकला. धने फळीखाली हलके रगडून दोन फाका केल्या, कारण एका धन्यात दोन बिया असतात. जोर जास्त दिला तर बीच चुरतं, म्हणून हात हलका हवा. रात्रभर भिजवून ओळीत टाकले. नवव्या दिवशी उगवण झाली, आणि आता पानं अशी रुंद आहेत की कापायला जीव होत नाही. यापुढे दर पंधरा दिवसांनी एक छोटा वाफा, एकदम सगळा नाही.

गाजरानं मात्र मला सर्वांत जास्त शिकवलं. आमची काळी माती वाळली की वरून पापुद्रा धरते आणि खाली दगडासारखी होते, त्यात गाजर सरळ जात नाही. गेल्या वर्षी ताजं शेणखत घातलं, तर एकेका गाजराला तीन-तीन पाय फुटले. यंदा वीतभर उंच गादीवाफा केला, त्यात नदीची वाळू आणि दोन वर्षांचं कुजलेलं खत. वाण पुसा केसर. बी टाकल्यावर ओलं पोतं अंथरलं आणि सहाव्या दिवसापासून रोज सकाळी पोतं उचलून पाहिलं. दहाव्या दिवशी हिरवे केस दिसले, तेव्हाच पोतं काढलं. एक दिवस उशीर झाला असता तर कोंब पोत्यात गुंतून उपटले गेले असते.

फुलकोबी घेणाऱ्यांनी पाकिटावरचा वाण वाचूनच घ्यावा. पुसा दीपाली लवकरची, स्नोबॉल के-1 उशिराची, तिला गड्डा धरायला कडक थंडी लागते. लवकरचा वाण उशिरा लावला तर झाड वाढायच्या आतच बटणाएवढा गड्डा धरतो. माझी दीपाली यंदा ऑक्टोबरअखेर वावरात गेली. सहा झाडांना लिंबाएवढे गड्डे आले आहेत आणि ते आता वाढणार नाहीत. शेजारी मोहरीच्या दोन ओळी आहेत. चौकोनी ठिपक्याचा पतंग अंडी घालायला मोहरीकडे जातो, त्यामुळे कोबीची पानं बरीच वाचली.

मेथी, पालक, शेपू यांचं सांगण्यासारखं काही नाही, छान चाललंय. कसुरी मेथीचं बी बारीक आणि सुरुवातीची वाढ फार हळू. पहिले तीन आठवडे तण समजून उपटू नका, नंतर तीच तीन-चार कापण्या देते.

आज 7 डिसेंबर. पहाटे विहिरीवर धुई होती. गाजर विरळणी अर्धी झाली, दोन बोटं अंतर ठेवतोय. वाटाण्याला तुऱ्हाट्या रोवायच्या आहेत. सांबाराचा तिसरा वाफा उद्या, धने भिजत घातलेत.