फॉर्ममधला शेवटचा रकाना

गुरुवार, रात्री

वर्ष संपत आलं की आमच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक (पाद्री) घडवणाऱ्या विद्यालयात, मूल्यांकनाचे फॉर्म हातात पडतात. ग्रीक, मंडळीचा (चर्चचा) इतिहास, उपदेशशास्त्र, सगळ्यांचे गुण भरून होतात आणि शेवटच्या रकान्याशी गाडी अडते: ‘आध्यात्मिक जडणघडण’. पाचपैकी आकडा लिहायचा. कुणाची प्रार्थना तीन, कुणाची चार! चॅपलची हजेरी बघावी, तर ती सगळ्यांचीच भरते. मन कुठे होतं ते प्रभू जाणे. मी आजवर सरसकट चार देऊन मोकळा होत आलो.

सोमवारपासून गटातल्या नऊ जणांबरोबर जर्मन पाळक आणि धर्मशास्त्री बोनहॉफरची पद्धत सुरू केली आहे. हिटलरपुढे मान न तुकवणाऱ्या मंडळीचे होतकरू पाळक त्याच्याकडे 1935 पासून फिंकनवाल्डेला शिकत. रोज सकाळी अर्धा तास मूक मनन, आठवडाभर एकच उतारा, आणि संदेशाची, म्हणजे रविवारच्या प्रवचनाची, तयारी अजिबात नाही. पोरं कुरकुरायची, झोप येते म्हणायची. 1937 मध्ये गेस्टापोनं, हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती सेमिनरीच बंद केली. एकदा स्वयंपाकघरात मदतीला कुणी उठेना, तेव्हा बोनहॉफर मुकाट्यानं आत गेला आणि दार लावून एकटाच कामाला लागला म्हणतात. (आमच्या मेसमध्ये प्राध्यापकांची ताटं कोण उचलतं, हे इथे न लिहिलेलं बरं.)

उतारा घेतला बायबलमधलं स्तोत्र 131. तीनच वचनं. मंगळवारी नगरकडचा एक जण उत्साहानं आला. “सर, झकास तीन मुद्दे निघाले. रविवारी मंडळीत घेऊ का?” मी त्याला चांगलाच दटावला. खोलीवर येऊन वही उघडली, तर माझ्याच अक्षरात: ‘दूध तुटलेलं मूल. आता दुधासाठी रडत नाही, नुसतं बिलगतं.’ खाली दोन रेघा आणि बाजूला ‘मातृदिन?’

इतक्या वर्षांची खोड. वचन काळजाला लागायच्या आत ते कोणत्या रविवारी कामी येईल हे हात ठरवून टाकतो. पंगतीत वाढणारा उपाशीच राहतो, आणि पोरांना मी वाढायलाच शिकवत आलो. भूक लागली की काय करायचं, ते माझ्या अभ्यासक्रमात कुठे आहे?

आज मनन संपल्यावर मिझोरमची ती अबोल मुलगी थांबली. “सर, मला झोप लागली. चारही दिवस लागली.” जरा थांबून म्हणाली, इथे आल्यापासून पहिल्यांदाच काही न करता बसले आणि अपराधी वाटलं नाही.

स्तोत्रातलं मूल तरी आईच्या कुशीत दुसरं काय करत असेल? पण हे मी तिला बोललो नाही. बोललो असतो तर त्याचाही संदेश झाला असता.

फॉर्म शनिवारी द्यायचे आहेत. आठ जणांच्या रकान्यात चार लिहून झालं, तिचा तेवढा कोरा आहे. आता त्या आठांचंही खोडावंसं वाटतंय. उद्या मननाला जाताना वही-पेन खोलीतच ठेवणार आहे.