जड पाणी आणि कुंड्या: एप्रिल ते जूनची नोंद

एप्रिल
नळाला बोअरचंच पाणी, जड, म्हणजे चुन्याचे क्षार असलेलं. मातीच्या कुंड्यांवर पांढरा थर, मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाच्या कमतरतेची लक्षणं. मातीत लोह असतं, पण पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे सामू (पीएच) साडेसातच्या वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही. त्यात आपली काळी माती आधीच चुनखडीची. नत्र कमी असतं तर जुनी पानं आधी पिवळी पडतात, इथं कोवळी पडलीत, म्हणून युरिया टाकू नका.

पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडतो, चुना तसाच राहतो. तुरटीने फक्त गाळ बसतो.

फवारणी: १ लिटर आरओच्या पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल), मग ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार). थेट नळाच्या पाण्यात हिराकस टाकला तर द्रावण तांबूस होऊन वाया जातं. ऊन उतरल्यावर मारा. फरशीवर पडलेले डाग सहज निघत नाहीत.

कुंडीला घालायच्या पाण्याची क्षारता लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर १५ लिटरच्या बादलीला साधारण ५ ग्रॅम लिंबूसत्त्व. सामूपट्टीवर ६ ते ६.५ आलं की थांबा. तयार पाणी साठवू नका, जिवाणू लिंबूसत्त्व खातात आणि सामू परत चढतो. कुंडीतही तेच होतं, म्हणून हा इलाज तात्पुरताच.

विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, हे चालणार नाही. तिथं दुखणं सोडियमचं, आम्लाने ते जात नाही.

मे
कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वरून आपण रोज भर घालतो. आरओचं सोडलेलं पाणीही तसंच. कण्हेर, बोगनवेल एखाद्या वेळी सोसतील.

साचलेले क्षार धुवायला १० लिटरच्या कुंडीतून २० लिटर पाणी सोडा, तीन टप्प्यांत, सावकाश. खालचं तबक लगेच रिकामं करा, नाहीतर धुतलेले क्षार माती परत ओढून घेते. ठिबकच्या तोट्या बंद पडल्या तर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये. सुईने टोचलं की भोक मोठं होतं.

जून
खरा उपाय हाच, पावसाचं पाणी. १० चौरस मीटर टिनावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे २०० लिटर, थोडं इकडेतिकडे जातं तरी ड्रम भरत येतो. पहिल्या सरीची धूळ सोडून द्या, ड्रमच्या तोंडाला डासांची जाळी बांधा. मोगऱ्याची नवी पालवी हिरवी येतेय. जुनी पिवळी पानं पूर्ण सुधारत नाहीत, त्यांच्यावरून निकाल लावू नका.