संगणक कक्ष मुक्त सॉफ्टवेअरवर आणताना

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणून संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. शाळांना संगणक पुरवणाऱ्या सरकारी आयसीटी योजनेचा करार संपला, संगणक शिकवणारे निदेशक गेले आणि यंत्रं शाळेच्या ताब्यात राहिली. सगळ्यांवर विंडोज ७ होतं, आणि त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला बंद झालेल्या. दोन जीबी रॅमवर पुढची आवृत्ती धड चालेना, नवी यंत्रं घ्यायला संस्थेकडे पैसे नाहीत. त्यात ऑफिसचे आणि फोटोचे प्रोग्रॅम कुणीतरी कधीतरी पेनड्राइव्हवरून टाकलेले, बिनपरवान्याचे. वर्गात ते उघडून शिकवणं मला पटत नव्हतं. शिवाय एखादी मुलगी म्हणायची, “मॅडम, हे आमच्या घरच्या लॅपटॉपवर टाकून द्या ना.” तिला काय सांगणार?

माझं स्वतःचं शिक्षण एमएस-सीआयटीचं. म्हणून मी मुक्त सॉफ्टवेअरकडे, म्हणजे कुणालाही कायद्यानं वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या प्रोग्रॅमांकडे वळले. ते शिकायला मी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’पासून सुरुवात केली. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, त्यातले बरेच मराठीतही आहेत. पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर तो प्रोग्रॅम. एक कृती बघायची, व्हिडिओ थांबवायचा, तीच कृती आपण करायची. आमच्याकडे नेट आणि वीज दोन्हींचा भरवसा नाही, म्हणून व्हिडिओ आधीच उतरवून ठेवले आणि शाळा सुटल्यावर कक्षात बसून शिकले. ज्या शिक्षकांना इंग्रजी मदतपानांची धास्ती वाटते त्यांना मी आजही हाच रस्ता सांगते.

एक गोष्ट मी आधीच ठरवली: ऑपरेटिंग सिस्टीमला, म्हणजे खुद्द विंडोजला, हात नंतर लावायचा. लिब्रेऑफिस (ऑफिसच्या कामांसाठी), गिम्प (फोटोंसाठी), इंकस्केप (चित्रं आणि मांडणीसाठी), ऑडॅसिटी (आवाजासाठी) हे सगळं मुक्त सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतं. म्हणून पहिलं पूर्ण सत्र यंत्रं होती तशीच ठेवली आणि फक्त प्रोग्रॅम बदलले. सहकाऱ्यांचा हात बसला, मुलांना मेनू ओळखीचे झाले. सगळं एकदम बदललं असतं तर पहिल्या अडचणीलाच कक्षाला कुलूप लागलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

खरा वेळ खाल्ला तो मराठीनं, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व फॉन्टांत, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठराविक क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टांत, टाइप केलेल्या होत्या. त्या फॉन्टांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये खाली रोमन चिन्ह साठवलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की निव्वळ चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टरनं बराच मजकूर युनिकोडमध्ये आला, तरी रफार आणि जोडाक्षरं एकेक ओळ वाचून तपासावी लागली. मराठीच्या सहकारी बाईंनी हे काम माझ्यासोबत बसून केलं. त्यांच्याशिवाय ते झालंच नसतं.

लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपासून वेगळा ठरवावा लागतो. टूल्स, ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला खूण करायची, तिथली भाषा मराठी करायची, आणि मग मूळ स्टाइलमध्ये आपला फॉन्ट निवडून तो साचा म्हणून जतन करायचा. आम्ही ‘मुक्ता’ घेतला. तो मुंबईच्या एक टाइपनं केलेला, मुक्त परवान्याचा फॉन्ट आहे. भाषा मराठी ठेवणं महत्त्वाचं, कारण ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. पहिली-दुसरीच्या मुलांपुढे जाणारं साहित्य करणाऱ्यांनी तरी हे सोडू नये.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक शिकवायचं ठरवलं, कारण तो विंडोजवरही आहे आणि लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवरही. मुलांना ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ हे शब्द लिहिता येत नव्हते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो, मग D दाबून हलन्त, मग ‘य’. आठवीच्या मुलांना एकदा दाखवलं, पुन्हा सांगावं लागलं नाही.

त्यानंतर निकालपत्रक. शिक्षकांच्या ग्रुपमधून फिरत आलेली एक्सेल फाइल आमच्याकडे सगळे वापरायचे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये, म्हणजे त्यातल्या एक्सेलसारख्या भागात, तिची सूत्रं चालली, मॅक्रोची (आपोआप कामं करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची) बटणं मात्र बरीचशी अडली. ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा मी फाइल नव्यानं बांधली. श्रेणीसाठी एकात एक गुंफलेल्या ‘इफ’ (जर-तर) सूत्रांची लांबलचक साखळी होती. तिच्या जागी एका शीटवर छोटा तक्ता केला: ०, २१, ३३, ४१, ५१, ६१, ७१, ८१, ९१ आणि समोर इ-२, इ-१, ड, क-२, क-१, ब-२, ब-१, अ-२, अ-१. तक्ता चढत्या क्रमानं असला की व्हीलुकअप हे सूत्र गुणांपेक्षा लहान किंवा बरोबरीचा सर्वात जवळचा आकडा शोधून श्रेणी देतं. आता कुठलाही वर्गशिक्षक फाइल उघडून श्रेणी कुठून आली ते स्वतः बघू शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं. मुलाचा निकाल कसा निघतो हे शिक्षकाला दिसलंच पाहिजे.

मुख्याध्यापक सरांची शंका रास्त होती. “मॅडम, पुढे नोकरीत एक्सेल विचारतात. मुलांचं नुकसान व्हायला नको.” मी त्यांना केरळचं उदाहरण दिलं. तिथल्या सरकारी शाळांत २००१ मध्ये ‘आयटी@स्कूल’ सुरू झालं, पुढे त्याचंच ‘काइट’ झालं, आणि शाळांसाठी त्यांची स्वतःची लिनक्स आवृत्तीही आहे. मग व्हीलुकअप, फिल्टर, आलेख हे सगळं कॅल्क आणि एक्सेल दोन्हीकडे उघडून दाखवलं. कॅल्कवर शिकलेली मुलगी एक्सेलवर अडत नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलं.

मग ऑपरेटिंग सिस्टीमची पाळी. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघितली. अशानं हार्ड डिस्कला धक्का लागत नाही आणि प्रोजेक्टर, आवाज, नेट चालतं का ते आधीच कळतं. दोन जीबी रॅमवर ती चालते, पण ब्राउझरचे टॅब वाढले की मंदावते. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली त्या यंत्रांवर फरक लगेच जाणवला. एक यंत्र पूर्ण तयार केलं आणि क्लोनझिलानं त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवली. एपॉप्टीस या प्रोग्रॅममुळे माझ्या जागेवरून सगळ्यांचे पडदे दिसतात. कार्यालयातलं यंत्र मात्र मी विंडोजवरच ठेवलं. तिथल्या प्रिंटरचा ड्रायव्हर आणि डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर बसेना, आणि पगारबिलाच्या आठवड्यात प्रयोग करणं बरोबर नव्हे.

आणि मग स्टेलॅरियम, पडद्यावर आकाश दाखवणारा प्रोग्रॅम! ठिकाण म्हणून आपलं गाव भरायचं, तारीख १४ जानेवारी, वेळ दुपारची. इंग्रजी A ची कळ दाबली की वातावरण नाहीसं होतं आणि भर दुपारी सूर्यामागचे तारे दिसतात. नववीच्या वर्गात हे दाखवलं तेव्हा सूर्य धनू तारकासमूहात होता. वर्ग अवाक. “मग संक्रांत?” पंचांगातली रास म्हणजे तीस-तीस अंशांचे बारा समान भाग, आणि पडद्यावरचे तारकासमूह खगोलशास्त्रज्ञांनी आखलेल्या असमान सीमांचे, हे त्या तासाला समजावलं. मग मुलांनीच तारीख मागे नेत नेत शोधलं की दुपारचा सूर्य सर्वात खाली २१-२२ डिसेंबरला असतो. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यातला हा सर्वात जिवंत तास.

गणितातल्या आकृत्या आणि आलेखांसाठी जिओजेब्राही वापरते, पण त्याचा परवाना नीट वाचायला हवा. बिनव्यापारी वापराला ते मोफत आहे, बाकीच्यांसारखं पूर्ण मोकळं नाही. शाळेला अडचण नाही, खासगी क्लासवाल्यांनी मात्र आधी अटी पाहाव्यात.

त्या मुलीच्या प्रश्नाला आता उत्तर आहे. लिब्रेऑफिस, इंकस्केप, स्टेलॅरियम आणि मुक्ता फॉन्ट एका पेनड्राइव्हवर ठेवलेत, ज्याला हवं त्यानं न्यावं, कायद्यानं त्यात काहीच वावगं नाही. एका पालकांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. त्यांनी इंकस्केप नेलं आणि आता अडलं की मुलाकडून विचारून घेतात.

सध्या काम चाललंय ते मराठी शुद्धलेखन तपासणीवर. लिब्रेऑफिसमध्ये मराठी शब्दकोश एक्स्टेन्शन म्हणून टाकता येतो, पण आमच्या भागातली गावांची आणि पिकांची नावं त्यात लाल होतात. दहावीची मुलं ती नावं गोळा करून कक्षाच्या सामाईक शब्दयादीत भरताहेत, आणि प्रत्येक शब्द भरण्याआधी मराठीच्या बाईंकडून तपासून घेतात.