वसुदेवाचा पेला आणि परसातले मासे

२ मार्च

टाकी अखेर परसात उतरली. जाळीच्या पिंजऱ्यातली, हजार लिटरची, भंगारवाल्याकडून आणलेली. आधी तिच्यात लिक्विड ग्लुकोज असायचं, याची खात्री पटल्यावरच पैसे दिले. रसायनाची टाकी कितीही धुतली तरी तिच्यात जीव सोडायची माझी तयारी नव्हती. ग्राइंडरनं वरचा भाग कापून उलटा केला आणि सिमेंटच्या ब्लॉकवर चढवला. आता खाली सातशे लिटरचं माशांचं घर आणि वर फूटभर खोल वाफा. वाफ्यात माती नाही, नुसती खडी. माशांचं पाणी पंपानं वर चढायचं, खडीतून झिरपून परत खाली यायचं, आणि भाजीनं त्यातलंच खायचं.

आईची एकच अट. ती माळकरी. म्हणाली, "मासे आण, पण त्यांच्यावर सुरी चालायची नाही." त्यामुळे रोहू-कटला बाद, गोल्डफिश नक्की. भाजीला त्यानं काही फरक पडत नाही.

११ मार्च

तीन दिवस खडी धुतोय. आपल्या सांगली भागातला काळा दगड तसा पाण्याशी काही देवाणघेवाण करत नाही, पण त्याच्या भोकांत पांढरे स्फटिक असतात. प्रत्येक पाटीतले पांढरे तुकडे वेगळे काढले आणि त्यांच्यावर व्हिनेगर टाकलं. काहींवर लगेच फेस आला, म्हणजे ते चुन्याच्या जातीचे. काही तसेच शांत राहिले. फेसाळणारे सगळे फेकले. आपल्या बोअरचं पाणी आधीच जड आहे, त्यात आणखी चुना विरघळायला नको.

२० मार्च

आजचा दिवस मला लिहून ठेवायचाच आहे.

वाफ्यातलं पाणी भरावं आणि आपोआप रिकामं व्हावं, म्हणजे मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. त्यासाठी बेल सायफन लागतो. इंचाचा उभा पाइप, त्यावर वरून बंद असलेला मोठा पाइप टोपीसारखा, तळाशी खाचा. पाणी आतल्या पाइपच्या तोंडापर्यंत चढलं की ओढ लागते आणि सगळा वाफा एका दमात खाली उतरतो. तळाच्या खाचांतून हवा आत शिरली की ओढ तुटते आणि पुन्हा भरायला सुरुवात.

ऐकायला सोपं वाटतं. पाच दिवस जमत नव्हतं. पंपाचा कॉक कमी उघडला तर पाणी पाइपातून नुसतं ठिबकायचं, ओढ लागायचीच नाही. जास्त उघडला तर एकदा लागलेली ओढ तुटायची नाही, पाणी अखंड वाहत राहायचं. मी कॉकपाशी उकिडवा बसलेलो, आई पायरीवर गवार निवडत होती. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, हा तर वसुदेवाचा पेला!"

आत जाऊन तिनं देवघराच्या कपाटातला पितळी पेला आणला. आजोळचा. मधे वसुदेव उभा, डोक्यावर बाळकृष्ण. पाणी ओतत जायचं. कृष्णाच्या पायाला लागलं की यमुना ओसरते, पेला तळातून रिकामा होतो. वसुदेवाच्या अंगात वाकडी नळी लपवलेली असते, तोच हा सायफन. लहानपणी मी तो पेला शंभर वेळा रिकामा केला असेल, आणि इथे पाच दिवस मला त्याची आठवण आली नव्हती. आईनं तांब्यातून पेल्यात बारीक धार धरली, मग हळूहळू मोठी केली. "एवढ्या धारेला ओसरते बघ." मी कॉकही तसाच, केसभर-केसभर उघडत गेलो. संध्याकाळी सव्वासहाला वाफ्यातून घुटका घेतल्यासारखा आवाज आला आणि पाणी धो धो खाली गेलं. आईनं हात जोडले.

२४ एप्रिल

पाच मासे गेले.

पंधरा आणले होते. पहिले काही आठवडे अवघड असतात हे मला माहीत होतं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. भाजीला हवं ते नायट्रेट. माशांना मारतात ते आधीचे दोन. हे जिवाणू खडीवर वस्तीला यायला महिना-दीड महिना घेतात, आणि दुसरी जात पहिलीच्या मागून येते. मधल्या दिवसांत नायट्राइट साठत जातं. त्या काळात खाद्य अगदी चिमूटभर टाकायचं असतं.

हे सगळं मी वहीत लिहिलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. मी कामावर गेलो की ती रोज दुपारी पोळीचा चुरा टाकायची. मासे तिच्या हाताकडे झेपावायचे, तिला ते भुकेले वाटायचे. काल नायट्राइट तपासायच्या नळीतलं पाणी गर्द जांभळं झालं, म्हणजे नायट्राइट फार वाढलेलं. आज सकाळी मासे पाणी पडतं तिथं तोंड वर काढून होते. मेलेल्या एकाचे कल्ले उघडून पाहिले, तर लाल नव्हते, चहाच्या रंगाचे झाले होते. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही.

अर्धं पाणी बदलून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घातलं. लिटरला एक ग्रॅम या हिशेबानं सातशे ग्रॅम खडेमीठ विरघळवून सोडलं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. उरलेले दहा संध्याकाळपर्यंत खाली पोहायला लागले.

आईनं पाचही मासे जास्वंदीच्या बुडाशी पुरले. रात्री जेवली नाही. "माझ्या हातानं झालं," एवढंच म्हणाली. मी तिला म्हटलं की चूक माझी, मी सांगायला हवं होतं. हे मी तिची समजूत घालायला म्हटलं नाही. माझा हिशेब मी एकट्यानंच ठेवला होता, आणि मासे तिच्यासमोर दिवसभर होते.

१४ मे

रात्री दीडला लाईट गेली. पंप बंद, हवेचा पंप बंद. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, त्यात हे दिवस. मी बादलीनं पाणी उचलून उंचावरून ओतत होतो. आई उठून आली, तांब्या घेऊन माझ्या शेजारी बसली आणि नाम घेत घेत पाणी ओतायला लागली. एक तांब्या, एक नाम. लाईट यायला पावणेतीन वाजले. दहाही मासे जिवंत.

बॅटरीवरचा हवेचा पंप आज आणला. तो पहिल्या दिवशीच आणायला हवा होता.

९ जून

नायट्राइट शून्य, गेले दोन आठवडे. पालकाची कोवळी पानं पिवळी पडत होती, शिरा मात्र हिरव्या. लोहाची कमतरता. जड पाण्यात साधं लोह झाडाला मिळत नाही, म्हणून शेतीच्या दुकानातून अशा पाण्यात टिकणारं चिलेटेड लोह आणलं. आता छपराचं पावसाचं पाणीही थोडं थोडं घालतोय. चवळीवर मावा आहे, पण कडुनिंबाचं तेलसुद्धा फवारता येत नाही, ते वाफ्यातून थेट माशांकडे जाणार. पाण्याच्या धारेनं धुतो आणि उरलेला बोटांनी चिरडतो.

आईनं आता स्वतःची वही केली आहे. रोज सकाळी ती नळीत थेंब टाकते, रंग तक्त्याला लावून बघते आणि लिहिते. "हिरवट", "जरा कमी हिरवट". आकड्यांपेक्षा मला तेच लवकर कळतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

माशांना एकादशीला खाद्य नाही, हे आईनं ठरवलंय. एखादा दिवस उपाशी राहिल्यानं त्यांना काही होत नाही, उलट पाणी निवळतं. त्यामुळे मीही मान्य केलं. गुडघ्यांमुळे तिची वारी गेली चार वर्षं चुकते. सकाळपासून टाकीशेजारी पाटावर बसली आहे. मासे तिची सावली पाहून वर येतात, ती हात मागेच ठेवते.

मी तिला विचारलं होतं, माशांच्या पाण्यावरची भाजी तुला चालेल का? ती म्हणाली, "शेणखतावरची खातोच की. ही तर यांनी स्वतः होऊन दिलेली."

वाफ्याच्या कडेला अळू कमरेएवढा झालाय. उद्या बारस. सोळा पानं तिनं आत्ताच बोटानं मोजून ठेवली आहेत, पहाटे कापायची.