सुया सहा होत्या

गुरुजींना आत आणलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी होती. उजवा हात लोंबत होता, उजवा पाय फरशीवर घासत होता, निम्मा भार बायकोच्या खांद्यावर. टोपी मात्र अगदी सरळ.

"अंगावरून वारं गेलं त्याला आज एकोणीस दिवस झाले, मॅडम," काकू म्हणाल्या. मुलाने फाइल पुढे केली. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटलेला, बीपी आता आटोक्यात, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू. मी गुरुजींना विचारलं, काय त्रास होतोय? ते माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "आता… आता… आता." नाव विचारलं. "आता." डोळे मिटा म्हटलं की मिटत होते, जीभ काढा म्हटलं की काढत होते. म्हणजे समजत बरंचसं होतं, बाहेर यायला एकच शब्द उरला होता. मोहोळकडच्या जिल्हा परिषद शाळांत पस्तीस वर्षं शिकवलेला हा माणूस.

माझी सोलापुरात अ‍ॅक्युपंक्चरची प्रॅक्टिस आहे. इथे दर महिन्याला एखादा पेशंट तरी विचारतोच, "डॉक्टर कोटणीसांनीच ना ही सुयांची विद्या आणली?" आणली नाही. कोटणीस मूळचे इथलेच, पण ते सर्जन होते. भारतीय वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे १९५८मध्ये पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं. मी हे सांगते, लोक मान हलवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा कोटणीसांचंच नाव घेतात. सोलापूरकरांचा हक्कच आहे तो, मीही फार वाद घालत नाही.

डोक्यावरच्या सुयांची पद्धत मात्र त्या मानाने अगदी अलीकडची. शान्शी प्रांतातल्या चियाओ शुन्फा या डॉक्टरांनी ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. मेंदूचा कुठला भाग काय चालवतो हे माहीत होतंच. त्या भागांच्या बरोबर वर, डोक्याच्या कातडीवर, त्यांनी रेषा आखल्या: हालचालीची, संवेदनेची, कंपाची, बोलण्याची, तोलाची. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सुई मेंदूत जाते का? नाही. कवटीचं हाड मध्ये आहे. सुई कातडीखालच्या सैल थरात, जवळजवळ आडवी सरकते. थर बरोबर सापडला की बोटाला कळतं, एकदम अडथळा सुटतो आणि सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. पेशंट कळवळला तर समजायचं, थर चुकला. काढा, कोन बदला, पुन्हा घाला.

काकूंनी टोपी काढून मांडीवर घडी घालून ठेवली. मी टेप लावली. भुवयांच्या मधून थेट मागच्या उंचवट्यापर्यंत, त्याचा मध्य, मध्याच्या अर्धा सेंटीमीटर मागे पहिली खूण. तिथून कानशिलावर केस सुरू होतात तिथपर्यंत तिरकी रेघ. भुवयांच्या पेन्सिलीने ओढते मी ती, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली जाते. या रेषेचा वरचा पाचवा हिस्सा पायाचा, मधले दोन हाताचे, खालचे दोन चेहऱ्याचे आणि बोलण्याचे. शरीराची उजवी बाजू गेलेली, म्हणून सुया डावीकडे. रेषेवर पाच आणि मधोमध पायासाठी एक, अशा सहा.

घातल्यावर प्रत्येक सुई फिरवायची, मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा, दोन-तीन मिनिटं. तर्जनी अंगठ्यावर घासून ते करावं लागतं. शिकताना माझी बोटं रात्री ठणकायची. अर्धा तास हे असं चाललं, आणि मी फिरवत असताना काकू गुरुजींचा उजवा हात हलवत राहिल्या. हात हलला का? माझ्या डोळ्यांना तरी नाही.

मग सुया काढायला घेतल्या. मी त्या मोठ्याने मोजत काढते. त्याला कारण आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंच्या दाट केसांत माझी एक सुई राहिली होती आणि ती त्यांना रात्री अंबाडा सोडताना सापडली. त्यांनी फोन करून सांगितलं, रागावल्या नाहीत, पण मी त्या रात्री झोपले नाही. तेव्हापासून घालताना आकडा कागदावर, काढताना तोंडावर.

"एक." ट्रेमध्ये टिंग. बोळा दाबला, गोळ्यांमुळे रक्त थांबायला जरा जास्त वेळ लागतो. "दोन." टिंग. "तीन."

"चार."

आवाज जाडसर, घशातून आलेला. मला आधी वाटलं मुलगा बोलला. माझा हात चौथ्या सुईवर तसाच राहिला. गुरुजी समोरच्या भिंतीकडे बघत होते. "पाच. सहा." सुया संपल्या असत्या. ते थांबले नाहीत. "सात. आठ. नऊ. दहा." वर्गात म्हणतात तशा चालीत थेट वीसपर्यंत. काकूंनी टोपी तोंडावर दाबली आणि रडायला लागल्या. मुलाने मोबाइल काढला. "मॅडम, परत, परत." मी "एक" म्हटलं आणि ते पुन्हा वीसपर्यंत गेले.

खोटं कशाला सांगू, छातीत असं काही भरून आलं की बस. हाताला यश आलं असं वाटलं. मिनिटभर तरी वाटलं.

मग उरलेल्या तीन काढल्या, त्यांतली एक त्यांच्यासमोर धरली. "गुरुजी, हे काय आहे?" ते बघत राहिले, ओठ हलले. "आता… आता…" दोन बोटं दाखवली. "किती?" बराच वेळ काही नाही, मग "एक, दोन," आणि मी खूश व्हायच्या आत, "तीन, चार, पाच…" गाडी सुटली.

काय झालंय ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. वाचा अशी गेली तरी पाठ झालेलं पुष्कळदा शिल्लक राहतं. आकडे, वार, महिने, आरत्या, आणि हो, शिव्यासुद्धा. तिथे शब्द शोधावा लागत नाही, एकाला धरून दुसरा येतो. मी काकूंना विचारलं, "आजार झाल्यापासून कुणी यांच्यासोबत मोजलं होतं का? पाढे म्हटले होते?"

त्या विचारात पडल्या. "नाही हो. आम्ही आपलं विचारायचो, पाणी पाहिजे का, दुखतंय का, मला ओळखलं का."

म्हणजे सगळे प्रश्नच. नेमकं जे त्यांना जमत नव्हतं तेच एकोणीस दिवस मागत होतो आपण सगळे. कदाचित तिसऱ्या दिवशीही ते मोजू शकले असते. कदाचित नसतेही, सुईने काही केलंही असेल. पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आपला आपणही सावरत असतो आणि पेशंट माझ्याकडे नेमके त्याच आठवड्यांत येतात. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी कोक्रेन नावाची संस्था आहे, तिच्या २०१६ सालच्या आढाव्यात अर्धांगवायूनंतरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या ३१ चाचण्या आणि २२५७ रुग्ण तपासले होते. सुधारणा दिसली, पण चाचण्यांचा दर्जाच असा की ठाम काही म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मी सुया घालते, त्यावर माझं पोट आहे, तरी त्या निष्कर्षाशी माझं भांडण नाही. फिजिओथेरपी बंद करणाऱ्याला मी सुया घालत नाही, एवढा नियम पाळते.

हे सगळं मुलाला सोप्या शब्दांत सांगितलं आणि स्पीच थेरपिस्टसाठी चिठ्ठी दिली. तो हसला. "मॅडम, तुम्ही मोठेपणा घेत नाही, एवढंच."

व्हिडिओ त्याने जिन्यातच पाठवला असावा. खाली ओळ होती: एका बैठकीत वाचा परत. गुरुजींचे विद्यार्थी पुण्यापासून दुबईपर्यंत. संध्याकाळपर्यंत चौदा फोन आले. बहुतेक जुन्या अर्धांगवायूचे पेशंट, तीन वर्षं झाली, सात वर्षं झाली. एकाच्या डोक्याचं ऑपरेशन होऊन कवटीचं हाड अजून बसवायचं होतं. त्यांना साफ नाही म्हटलं, हाड नाही तिथे सुई नाही.

पावणेआठला एक फोन आला. तिशीतला आवाज असावा. "मॅडम, आईचं तोंड वाकडं झालंय. जेवताना घास हातातून पडला. उद्या सकाळचा पहिला नंबर मिळंल का?"

"कधी झालं?"

"आत्ताच की. अर्धा तास झाला."

मी उभी राहिले. "उद्या नाही, आत्ता. सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला. १०८ लावा, नाहीतर गाडी काढा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यातला अर्धा तास गेलाच."

"पण तो सुईचा व्हिडिओ…"

मी ओरडले. पेशंटच्या नातेवाइकांवर मी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडले. "माझ्याकडे आणलं तर मी दार उघडणार नाही!" पलीकडे शांतता. मग मागे कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज, "अरे, गाडी काढ." तासाभराने मीच फोन लावला. "आत घेतलंय. फोटो काढतायत," एवढंच म्हणाला आणि ठेवला.

गुरुजींच्या मुलालाही रात्री फोन केला. व्हिडिओ काढून टाका म्हटलं. त्याने ग्रुपवरून काढला. तोवर तो कुठे कुठे गेला होता ते त्यालाही सांगता येईना.

गुरुजी तिसऱ्या बैठकीला आले तेव्हा काकू तयारी करून आल्या होत्या. स्पीच थेरपिस्टने त्यांना काही शिकवलं होतं, काही त्यांनी स्वतः शोधलं होतं. मी रेघ पुसत होते आणि बाहेरून पोरगं चहाचं विचारायला आलं. काकूंनी गुरुजींकडे बघितलं. "चहा किती सांगू?"

ते ओठ चावत बसले. काकूंनी हळूच सुरू केलं, "ए…"

"एक," गुरुजी म्हणाले. "दोन."

दोनवर काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. ते थांबले.

"दोन सांग रे," काकू पोराला म्हणाल्या.