फॉग लावला की हेडलाईट झोपतोय

दुखणं काय आहे ते गुरुजींनी मला जूनमध्येच सांगितलं होतं. "फॉग लावला की हेडलाईट झोपतोय बघ." मी मान हलवली आणि बल्ब बदलून दिले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचा वायरमन म्हणून माझी बावीस वर्षं गेलीत. गुरुजींची गाडी मला हॉर्नवरून ओळखू येते. पंचवीस वर्षांची छोटी पेट्रोल गाडी, हेडलाईटला अजून खरी काच, त्यामुळं प्लास्टिकसारखी पिवळी पडायचा प्रश्न नाही. 2019 च्या महापुरात ती शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती. तेव्हापासून तिला शिंक आली तरी आम्ही दोघं पुराच्या नावानं बोटं मोडतो. दिवे मंद झाले तेव्हाही तेच केलं. गुरुजींनी कुणाचं तरी ऐकून 60/55 वॅटच्या जागी 100/90 वॅटचे बल्ब घातले. उजेड होता तेवढाच राहिला, होल्डर मात्र भाजल्या वांग्यासारखे झाले. ते काढून मी नवे होल्डर आणि मूळ वॅटचे बल्ब घातले, आणि त्यांच्याच हट्टानं बंपरखाली 55 वॅटचे दोन फॉग लॅम्प बसवले. लेक वैभववाडीला दिलीय. पावसाळ्यात करूळ घाट धुक्यात बुडालेला असतो, आणि धुक्यात अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहते.

फॉगचं काम नीट केलंय असं मला वाटत होतं. बॅटरीवरून फ्यूज, फ्यूजवरून रिले, म्हणजे छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारी डबी, पुढं जाड वायर. चार दिवसांनी गुरुजी ती झोपण्याची तक्रार घेऊन आले, तेव्हा मी होल्डर उपसला, मीटरच्या सुया लावल्या, 12.5 व्होल्ट. "करंट पुरा येतोय गुरुजी, बल्बच हलके निघाले."

मग श्रावणातल्या एका सकाळी ते आले. नेहमीसारखं "चहा सांग" नाही, काही नाही. स्टुलावर बसले.

"काल रात्री एस.टी.चा मागचा लाल दिवा धरून घाट चढलो. गगनबावड्याला ती स्टँडात वळली आणि मी आंधळा झालो. लोक मागून हॉर्न मारायलेत. शेवटी कडेला थांबलो अर्धा तास."

मला काय बोलावं सुचेना.

"आणि एक. डिपरवरच असतो, तरी मीटरात तो निळा दिवा लागतोय. जरासाच, काजव्यावानी. फॉग बंद केला की जातोय."

हे त्यांनी उठता उठता सांगितलं आणि माझ्या हातातला पाना थांबला. निळा दिवा अप्परचा. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, तो लागतो म्हणजे करंटला परतीची वाट सापडत नाही आणि तो आडवाटेनं घुसतोय. बल्बात अप्पर आणि डिपर अशा दोन तारा, पण दोघींचा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत न्यायची वायर, एकच. तो अर्थ तुंबला की डिपरच्या तारेतून आलेला करंट उलटा अप्परच्या तारेत चढतो आणि तिथून मीटरातल्या निळ्या दिव्यापर्यंत पोचतो.

जूनमध्ये माझं काय चुकलं तेही तिथंच कळलं. होल्डर उपसून मोजलं की करंट वाहतच नसतो, मीटर पुरे व्होल्ट दाखवणारच. तोटी बंद असताना नळाला दाब आहे म्हणण्यासारखं ते. घागर भरायला लावल्याशिवाय पाण्याची धार कळत नाही. शिकाऊ पोराला हे मी स्वतः दहा वेळा सांगितलंय.

या वेळी गाडी चालू, डिपर चालू, बल्ब जागेवर. बॅटरीवर 13.8. एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी होल्डरच्या मागून बल्बच्या प्लसच्या पिनेवर: 0.9. जुना स्विच, बारीक वायर, तेवढं जाणारच. अर्ध्या व्होल्टच्या आत असावं, पण नुसत्या एवढ्यानं अंधार होत नाही. मग बॅटरीच्या मायनसवरून बल्बच्या अर्थच्या पिनेवर. इथं काटा हलायलाच नको, तर 2.1. पोराला म्हटलं फॉग लाव. 3.7.

म्हणजे 13.8 मधून दोन्हीकडची गळती वजा जाता बल्बला मिळत होते 10.8, आणि फॉग लावल्यावर जेमतेम 9. हॅलोजनला व्होल्ट दहा टक्के कमी पडले तर उजेड तीसेक टक्क्यांनी पडतो. घाटात गुरुजी पाव उजेडावर गाडी हाकत होते.

अर्थची वायर चाचपत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली, पुढच्या पत्र्यावर एक बोल्ट. बोट टेकवलं आणि चटका बसून झटकलं. भाजलेल्या रंगाचा वास येत होता. दहाच्या पान्यानं बोल्ट काढला. थिंबलच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीच्या, खाली गाडीच्याच रंगाचा गुळगुळीत थर, मधोमध फुगून तपकिरी झालेला. गेल्या दिवाळीत गाडी पुढून घासली होती. ज्यानं कुणी डेंटिंग-पेंटिंग केलं, त्यानं पत्रा छान रंगवला आणि रंगावरच थिंबल ठेवून बोल्ट आवळला. करंट जायचा तो बोल्टच्या आट्यांतून, चेंगरत. पुराचा काही संबंध नव्हता.

त्याच बोल्टखाली आणखी एक थिंबल होतं, नवंकोरं. ते माझं. जूनमध्ये फॉगचा अर्थ टेकवायला जवळचा बोल्ट दिसला, आवळला आणि मोकळा झालो. प्लसकडे एवढी निगा राखली आणि चार लाईटींचा करंट परत न्यायला एक रंगवलेला बोल्ट दिला.

गुरुजींना दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून वाकले, बराच वेळ बघितलं. मराठी शिकवण्यात जन्म गेला त्यांचा. म्हणाले, "म्हणजे सगळं होतं, फक्त अर्थ नव्हता म्हण की."

पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला, थिंबलं नवी दाबली, बोल्ट आवळून वरून ग्रीस फासलं. फॉगचा अर्थ वेगळा, थेट बॅटरीच्या मायनसला. हेडलाईटलाही रिले टाकला, जुन्या स्विचवरचं ओझं गेलं. परत मोजलं: अर्थकडे 0.1, प्लसकडे 0.3. संध्याकाळी समोरच्या शटरवर उजेड टाकला तर शेजारचा पानपट्टीवाला डोळ्यांवर हात धरून ओरडला, "ए भावा, खाली घे की!" त्याचंही बरोबर होतं. हेडलाईट वर बघत होते, उजेड नव्हता तोवर कुणाला कळलं नव्हतं.

पैसे मी फक्त रिलेचे घेतले. गुरुजी वाद घालायला लागले, पण त्या नव्या थिंबलाकडे बोट केल्यावर गप्प झाले.

ते गेल्यावर पोराला डायरी आणायला सांगितली. त्या जूनमध्ये आणखी चार गाड्यांना मी फॉग बसवले होते. तिसऱ्याला फोन लावला तर तो हसायलाच लागला. "लाईट मस्त लागत्यात की वो!"

"लागत्यात ते मला म्हाईत हाय," म्हटलं. "गाडीत बसा, डिपर आणि फॉग एकदम लावा आणि तो निळा दिवा तेवढा बघून सांगा."